दुपारी देऊळ बंद असतं

आमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि शालू यांच्या पाठोपाठ ‘हनिमूनला कुठे?’ हा प्रश्न येतो आणि तो हमखास माझ्याकडे पाठवला जातो. कारण लग्नानंतर आम्ही दोघं तामिळनाडूत गेलो होतो. आधी तरंगंबाडीचा समुद्र, मग तंजावर. तेव्हा माझ्या आत्याने विचारलं होतं, “अगं, हनिमूनला चाललात की तीर्थयात्रेला?” तिच्या प्रश्नामागे एक पक्की समजूत होती. आराम हवा तर समुद्र किंवा थंड हवेचं ठिकाण. देवळं, राजवाडे, संग्रहालयं ही एकतर शाळेच्या सहलीसाठी, नाहीतर निवृत्तीनंतर. मला ही वाटणी मान्य नाही. नव्या नवरा-बायकोला दोन्ही लागतं, आणि दोन्ही एकाच आठवड्यात नीट मिळू शकतं. त्यासाठी जागा कशी निवडावी, याबद्दल अनुभवातून जे पक्कं झालंय ते इथे लिहिते आहे.

१. समोर बघण्यासारखं काहीतरी हवं

आमचं लग्न ठरवून झालेलं. साखरपुड्यानंतर फोनवर पुष्कळ बोलणं झालं होतं, पण फोन ठेवता येतो. दिवस-रात्र एका माणसाबरोबर राहायचं हे दोघांनाही नवीन होतं. अशा वेळी नुसत्या रिसॉर्टवर जाऊन बसलं की बोलण्याचा सगळा भार एकमेकांवरच पडतो. तुला काय आवडतं, कॉलेजात कोण मित्र होते, भाऊ काय करतो. हे विषय दोन दिवसांत संपतात, आणि मग जी शांतता पडते ती नव्या माणसाला घाबरवते. आपलं जमत नाहीये का, असं उगाच वाटायला लागतं.

समोर एखादी मोठी, गुंतागुंतीची, जुनी वस्तू असली की माणसं तिच्याकडे बघत बघत बोलतात आणि तेव्हा जास्त मोकळेपणाने बोलतात. माझा नवरा यंत्रांतला माणूस. इतिहासाची त्याला मुद्दाम आवड नाही. पण तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या विमानाखाली, म्हणजे शिखराखाली, उभा राहिला आणि हे वर चढवलं कसं, या एका प्रश्नात अडकला. साठ मीटरहून उंच शिखर, सगळं ग्रॅनाइटचं, राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं. आणि भोवती सगळा कावेरीच्या गाळाचा, भातशेतीचा मुलूख. दगड आणला कुठून, ओढला कशाने, उतार बांधला असेल तर किती लांब? तो माझ्याशी बोलत होता, मध्येच स्वतःशी बोलत होता, वहीत आकडे मांडत होता. हा माणूस प्रश्न अर्धवट सोडत नाही, हे मला तिथे कळलं. ‘तुझा स्वभाव कसा आहे?’ असं विचारून ते कधीच कळलं नसतं.

म्हणून ठिकाण निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारते: तिथे दोघांना मिळून बघता येईल असं काय आहे? फोटोसाठी पाठ करून उभं राहण्याच्या जागा मी यात धरत नाही. ज्याच्याकडे तोंड करून थांबावंसं वाटेल, असं काहीतरी हवं.

२. आधी झोप, मग इतिहास

बहुतेक जण उलट आखतात. पहिले दिवस फिरण्याचे, शेवटचे दोन समुद्रावर. मराठी लग्नानंतर हे चालत नाही. हळद, सीमांतपूजन, लग्न, गृहप्रवेश, सत्यनारायण, मग कुलदैवताला जाऊन येणं, मग माहेरी एक फेरी. आठवडाभर पाठ टेकलेली नसते. चेहऱ्यावर हसू धरून धरून गाल दुखत असतात. अशा अवस्थेत कुणालाही हजार वर्षांच्या देवळासमोर उभं केलं तरी त्याला फक्त सावली आणि बसायला जागा दिसते.

आम्ही आधी तरंगंबाडीला गेलो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला, कारैकलच्या थोडं उत्तरेला असलेलं हे लहानसं गाव. पहिला दिवस आणि दुसऱ्याची अर्धी दुपार आम्ही अक्षरशः झोपून काढली. व्हरांड्यात बसायचं, लाटा ऐकायच्या, जेवायचं, पुन्हा झोपायचं. एकमेकांसमोर निवांत झोपता येणं ही नव्या संसारातली मोठी गोष्ट आहे, आणि तिला वेळ दिलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या दिवशी पहाटे आपणहून जाग आली आणि दोघांनाही गाव बघायची इच्छा झाली. ती इच्छा होईपर्यंत काहीही ‘बघायचं’ ठरवू नये.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. हा किनारा पोहण्याचा नाही. बंगालच्या उपसागराच्या लाटा इथे जोरात आदळतात आणि किनाऱ्याला दगडांचे बांध घातलेले आहेत. पाण्यात डुंबायचं असेल तर दुसरा समुद्र शोधावा.

३. आरामाच्या जागेलाही थोडा इतिहास असावा, आणि तो पायी गाठता यावा

तरंगंबाडी मला आवडली ती यासाठी. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीला इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. तो डान्सबोर्ग किल्ला आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १८४५ मध्ये डेन्मार्कने हे ठाणं इंग्रजांना विकलं. मधल्या सव्वादोनशे वर्षांचं गाव वेशीच्या आत जसंच्या तसं वाचता येतं. वेशीचा दरवाजा, सरळ रुंद रस्ते, १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च. त्या चर्चमध्ये बार्थोलोमेउस झीगनबाल्गची कबर आहे. १७०६ मध्ये आलेल्या या धर्मोपदेशकाने इथे तमिळ छपाई सुरू केली आणि १७१५ च्या सुमाराला नवा करार तमिळमध्ये छापला. किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, अगदी पाण्याच्या कडेला, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं मासिलामणीनाथाचं देऊळ आहे. त्याचा बराचसा भाग समुद्राने कधीच गिळला.

हे सगळं एका सावकाश चालीत बघून होतं. गाडी ठरवायची नाही, ड्रायव्हरला वेळ द्यायची नाही, ‘चला, उशीर होतोय’ हे वाक्य नाही. कंटाळा आला की परत फिरून व्हरांड्यात. ज्या गावात संस्कृती आणि आराम यांच्यामध्ये चाळीस किलोमीटरचा रस्ता असतो, तिथे रोज सकाळी कुणीतरी एकाने दुसऱ्याला ओढत न्यावं लागतं. हनिमूनमध्ये ते ओढणं नको.

४. दुपारी देऊळ बंद असतं

तंजावरला आल्यावर मला सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट ही. तामिळनाडूतली मोठी देवळं दुपारी मिटतात. बृहदीश्वर साडेबाराच्या सुमाराला बंद होतं आणि चारला पुन्हा उघडतं. बाहेरून आलेले प्रवासी यावर चिडतात, कारण त्यांच्या वेळापत्रकात दुपारी दोनला देऊळ असतं. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. ऊन चढलं की अंगणातला दगड इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. त्या वेळी देवही विश्रांती घेतो, पुजारीही घेतात, गावही घेतं. मग आपण कशाला भटकायचं?

आमचा दिवस त्या गावानेच लावून दिला. सहाला देऊळ उघडतं, तेव्हा जायचं. गारवा असतो, गर्दी नसते, फरशी नुकती धुतलेली असते. साडेआठपर्यंत परत, इडली, वेणपोंगल, पितळी डबऱ्यातली कॉफी. मग एखादं जवळचं काहीतरी, किंवा काहीच नाही. दुपारी केळीच्या पानावर जेवण आणि झोप. साडेचारनंतर पुन्हा देऊळ, या वेळी बघायला नव्हे तर बसायला. संध्याकाळी तंजावरची कुटुंबं तिथे येतात, मुलं पळतात, म्हाताऱ्या भिंतीला टेकून गप्पा मारतात, आणि मावळतीच्या उन्हात दगडाचा रंग बदलत जातो. तिथे पायरीवर बसून आम्ही घरखर्चाचं पहिलं गंभीर बोलणं केलं: कुणाचा पगार कुठे जाईल, माझ्या आईला मी काय पाठवणार, त्याच्या धाकट्या भावाची फी. हे बोलणं हॉटेलच्या खोलीत झालं असतं तर दोघंही ताठ बसलो असतो.

म्हणून कुठेही जायचं असलं तरी आधी त्या गावाचा स्वतःचा दिवस कसा असतो ते विचारा. जिथे दुपार मिटलेली असते आणि संध्याकाळ लांब असते, तिथे संस्कृती आणि आराम यांचा तोल आपल्याला वेगळा साधावा लागत नाही.

५. परक्या मुलखात एखादा आपला धागा असला तर जरूर धरावा

तंजावर निवडण्यामागे माझा हाच हट्ट होता. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात इथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत चालली. शाळेत हे एका परिच्छेदात येतं. तिथे गेल्यावर कळतं की हा परिच्छेद केवढा मोठा आहे.

बृहदीश्वराच्या आवाराच्या एका भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला आहे. मराठीत, देवनागरीत, ओळींमागून ओळी. भोवती सगळे शिलालेख तमिळ, आणि एकदम आपली अक्षरं. मी बोट न टेकवता एकेक शब्द लावत गेले. भाषा जुनी आहे, काही ठिकाणी अक्षरं झिजली आहेत, पण नावं कळतात, ‘राजे’ कळतं, गावं कळतात. दोन तमिळ शाळकरी मुली थांबून बघत राहिल्या. मी त्यांना खुणेने सांगितलं की हे मी वाचू शकते, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हेच सरफोजीराजे राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे खरे पोशिंदे. हजारो हस्तलिखितं, मोडीतले रुमालच्या रुमाल, युरोपातून मागवलेली शरीरशास्त्राची आणि वनस्पतींची पुस्तकं. त्यांच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची कृती लिहिलेलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’सुद्धा याच संग्रहातलं. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमच्या सादरीकरणाचा आजचा क्रम घडवला. त्यांच्या आधी शंभरेक वर्षं शहाजीराजांनी याच दरबारात मराठीतली अगदी सुरुवातीची नाटकं लिहिली. राजवाड्यातच चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन आहे. मला विचाराल तर तिथे एक तास द्यावा आणि तोही फक्त पाच-सहा मूर्तींना.

आणि इथे तरंगंबाडीचं गाव पुन्हा भेटतं. लहानपणी सरफोजींना शिकवणारे ख्रिस्तियान श्वार्ट्झ हे झीगनबाल्गच्याच डॅनिश मिशनचे. बृहदीश्वराशेजारच्या शिवगंगा बागेत श्वार्ट्झच्या नावाचं चर्च आहे, त्यात सरफोजींनी इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलेलं संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरचे गुरू आणि त्यांचा हात हातात घेतलेला मराठा राजा. हे शिल्प बघायला फार कमी लोक जातात. आम्ही त्या चर्चच्या बाकावर बराच वेळ बसलो होतो, आणि माझ्या नवऱ्याने त्याच्या गेलेल्या मास्तरांबद्दल पहिल्यांदा सांगितलं.

असा धागा प्रत्येकाचा वेगळा असेल. कुणाच्या आजोबांची नोकरी बडोद्याला किंवा इंदूरला झाली असेल, कुणी शास्त्रीय संगीत शिकत असेल, कुणाला विणकाम कळत असेल. दोघांपैकी एकाचा तरी धागा त्या गावात असावा.

६. चालते हात बघा

देवळं आणि राजवाडे बघायला एकाला आवडतं, दुसरा सोबत येतो, असं होतं. काम करणारा कारागीर मात्र दोघांनाही खिळवून ठेवतो. कुंभकोणमजवळ स्वामिमलैला कांस्यमूर्ती ओततात, चोळांच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने. आधी मेणाची पूर्ण मूर्ती, दागिन्यांसकट. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर. मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, म्हणून तोच साचा दुसऱ्यांदा कधी वापरता येत नाही. नंतर छिन्नीने आठवडेच्या आठवडे रेखीव काम. आम्ही ज्या कार्यशाळेत बसलो तिथे कुणी काही विकायला आलं नाही. एका म्हाताऱ्या स्थपतींनी नवऱ्याच्या हातात मेणाचा गोळा दिला आणि बोट कसं वळवायचं ते दाखवलं.

तंजावरात फणसाच्या लाकडाची वीणा घडवणारे आहेत, सोन्याचा वर्ख लावून चित्रं करणारे आहेत. तिरुभुवनमला रेशमी साड्यांचे माग आहेत. यांतलं एकच निवडा. आणि घरच्यांसाठी काही घ्यायचं असेल तर ते तिथूनच घ्या, म्हणजे खरेदीसाठी वेगळी दुपार जात नाही.

७. पैसे खोलीवर खर्च करा

बृहदीश्वराला तिकीट नाही. दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ, ज्याच्या खांबांवरची बोटभर उंचीची शिल्पं मला मोठ्या देवळाइतकीच आवडतात, त्यालाही नाही. राजवाड्याचं तिकीट किरकोळ. जेवण साधं, उत्तम आणि स्वस्त. म्हणजे सांस्कृतिक बाजूचा खर्च जवळजवळ नाहीच. वाचलेले पैसे चांगल्या खोलीवर घालावेत: व्हरांडा किंवा झोपाळा असलेली, खिडकीबाहेर झाड किंवा पाणी असलेली, आणि जिथे दुपारी भांड्यांचा आवाज येत नाही अशी. पॅकेजमधले फुलांचे गालिचे आणि केक यांच्याऐवजी मी प्रत्येक वेळी व्हरांडा घेईन.

खोल्या बदलणंही कमी ठेवा. एका आठवड्यात दोन मुक्काम पुरे. बॅगा भरणं, चेक-आउट, प्रवास, चेक-इन यांत प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, आणि नवी जोडपी हमखास बॅगा भरतानाच भांडतात.

८. “इतक्या लांब चाललाच आहात तर…”

हे वाक्य घरातल्या मोठ्यांकडून येणारच. आम्हाला रामेश्वर सुचवलं गेलं, चिदंबरम, मदुराई, आणि कुणीतरी कन्याकुमारीसुद्धा. सुचवणाऱ्यांचा भाव चांगलाच असतो. त्यांच्या काळी एवढ्या लांब दुसऱ्यांदा जाणं व्हायचं नाही. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, रामेश्वरला आपण सगळे मिळून जाऊ, तुमच्याशिवाय नको.” त्यांना ते मनापासून आवडलं, आणि पुढे आम्ही खरंच गेलो. नाही म्हणायचं तर असं, ज्यात पुढचं निमंत्रण खरं असेल.

९. सगळ्यांनाच मी तंजावर सांगत नाही

ज्यांना पोहायचं आहे, रात्री उशिरापर्यंत बाहेर बसायचं आहे, मासे आणि थंडगार बियर हवी आहे, त्यांना तरंगंबाडी तिसऱ्या दिवशी खायला उठेल. त्यांना मी गोव्यातलं दिवाडी बेट सांगते. मांडवीतून फेरीबोट घ्यायची की पलीकडे जुनं गोवें, से कॅथेड्रल आणि बॉम जेझूसचं बॅसिलिका. फोंड्याकडे वळलं तर मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा. आणि परत आलं की भातखाचरं, जुनी घरं आणि शुद्ध शांतता. किनाऱ्यावर जायला एखादा दिवस हाताशी असतोच. माझ्या मावसबहिणीने कोचीचं किल्ल्याकडचं जुनं गाव आणि कुमरकोम अशी जोडी केली. मट्टनचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं, परदेशी सिनेगॉग, आणि मग वेंबनाडच्या पाण्याकाठी स्वस्थ. तीही फार छान जमली. सगळीकडे सूत्र तेच: दोन मुक्काम, पायी फिरण्याजोगं गाव, आणि दुपार मोकळी.

१०. महिना बघा, मग ठिकाण

तुळशीच्या लग्नानंतर आपले मुहूर्त सुरू होतात, आणि नेमका तेव्हा तंजावर-तरंगंबाडीकडे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच त्या किनाऱ्याचा खरा पावसाळा. वादळंही याच काळात येतात. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी सगळ्यांत उत्तम. पोंगल त्यातच येतो. मट्टू पोंगलला बृहदीश्वरासमोरच्या अखंड दगडाच्या नंदीला फळाभाज्यांनी मढवतात, तो सोहळा बघण्यासारखा असतो. जानेवारीतच बहुधा तिरुवैयारुला कावेरीकाठी संगीतकार त्यागराजांची आराधना भरते, शेकडो गायक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. मात्र या दोन्ही वेळी खोल्या लवकर भरतात, म्हणून आरक्षण बरंच आधी हवं.

लग्न मे महिन्यातलं असेल तर तंजावरचा विचार तेव्हा करूच नका. तिथलं ऊन सोसवत नाही. अशा मुलामुलींना मी सांगते, आत्ता दोन-तीन रात्री जवळ कुठेतरी जाऊन या, महाबळेश्वर नाहीतर आंबोली, फक्त झोपायला. मोठी सुट्टी जानेवारीसाठी राखून ठेवा. तोवर एकमेकांच्या सवयी कळलेल्या असतात, कोण पहाटे उठतं आणि कोण नाही हे माहीत असतं, ऑफिसात रजेचा अर्ज वेळेवर टाकता येतो, आणि चेन्नईहून तंजावरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीची खालची दोन बर्थ निवांतपणे मिळतात.